पेटी एका घरात, किल्ली दुसऱ्या घरात

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी सव्वासात. शिवाजी पेठेत खोलीखाली मोटारसायकलचा आरसा पुसत होतो. दीपालीचा फोन आला. "गाडी नको. अभिजित पप्पांची चारचाकी काढतोय."

दीपालीशी माझं लग्न फेब्रुवारीत आहे. अभिजित तिचा आतेभाऊ, लंडनहून सुट्टीवर आलेला. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला धरतात. त्याने तो सांगितला नाही, एवढंच.

राधानगरीला दीपालीच्या काकूंना भेटायचं आणि धरण बघायचं ठरलं होतं, पन्नासेक किलोमीटर. सध्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, वेळ हाताशी ठेवून निघा. दीपालीला गाडी लागते म्हणून ती पुढे बसली. मी मागे, तिच्या काकूंसाठी घेतलेल्या केळ्यांशेजारी. वाटेत मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये प्लेट, कट हवा तेवढा. माझा हात पाकिटात असतानाच अभिजितने पैसे दिले.

काकूंकडे पोचल्यावर त्याने इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेची गोष्ट काढली. बँक ज्या रस्त्यावर आहे त्यावरून तिला 'थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी' म्हणतात. एका जुन्या व्यंगचित्रात नोटांचा झगा घातलेली म्हातारी सोन्याच्या पेटीवर बसलीय आणि पंतप्रधान लाडीगोडी लावून सोनं काढू बघतोय. आजही म्हणे व्याजदर वाढले की पेपरवाले म्हातारीचंच नाव घेतात. दीपाली पोट धरून हसली. गोष्ट खरंच चांगली होती, हेच लागलं मला.

काकू बायकांचा बचत गट चालवतात. त्यांनी विचारलं, "पेटीची किल्ली कुणाकडं?"

"तिच्याकडंच असणार की, मामी."

"तरीच मागं लागलाय त्यो! आमच्या गटाची पेटी हाय हितं, किल्ली पलीकडच्या शबानाभाभीकडं."

तेवढ्यात भाभीच आल्या. गटाच्या बैठकीला अवकाश होता, त्यांना डेअरीत दूध घालायचं होतं आणि त्या गडबडीत किल्ली हरवायला नको होती. तोवर किल्ली धरायला अभिजितने हात पुढे केला.

"तुमी नको. तुमी ह्या घरचं." भाभींनी किल्ली माझ्या हातात दिली. "पावणं, तुमी धरा. पेटीजवळ जाऊ नका."

तो घरचा, मी पाहुणा. धरण मी किल्ली मुठीत धरूनच पाहिलं. दरवाजे बंद होते. पाणी पडताना बघायचं तर पावसाळ्यात जा. बैठकीआधी किल्ली भाभींना परत दिली.

परतताना दीपाली पुढच्या सीटवरून मागे वळली. "तोंड का पाडलंय?"

"पावणं म्हणाल्या मला."

"पुढल्या वेळी नाही देणार तुम्हाला किल्ली."

"का?"

"तेव्हा तुम्ही पण घरचेच की!"

अभिजितने हॉर्न वाजवून पुढची उसाची ट्रॉली मागे टाकली.

घरी आलो तरी मुठीला लोखंडाचा वास होता. हात उशिरा धुतले.

खर्च: केळी, साठ रुपये. देणं: अभिजितला मिसळीचे ऐंशी आणि निम्मं डिझेल. तो "राहू दे की" म्हणतोय. फेब्रुवारीच्या आत फेडणार.