बाबलचे वेढे

बाबल गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तोंडवलीच्या रस्त्यावर उभा राहून त्यालाच शिव्या घालत होतो. इंटरनेटची केबल तुटली होती आणि हा पठ्ठ्या फोन उचलत नव्हता. उचलणार कुठून...

आम्ही दोघं कणकवलीत एकत्र काम शिकलो आणि पंधरा वर्षं एकत्र खांबांवर चढलो. आमच्याकडे एक मशीन आहे. ते केबलमधून प्रकाश सोडतं आणि किती मीटरवर तुटलंय ते सांगतं. इतकं सोपं असताना बाबलने घोळ करून ठेवला होता. पुढेमागे जोडकामाला लागेल म्हणून तो मनाला येईल त्या खांबावर जादा केबलचे वेढे गुंडाळून ठेवायचा. ठेवायला हरकत नाही, पण नोंद? नाव नको! मशीन वेढ्यांतली केबलही मोजून अठराशे मीटर म्हणायचं, मी तितकं चालून आंब्याखाली घाम पुसत उभा, आणि बिघाड मागेच कुठेतरी राहिलेला. मी त्याला तीनदा वही आणून दिली. पहिल्या वहीच्या पानांत त्याने मला बांगडे बांधून पाठवले. वर म्हणायचा, "मशीन सांगता तां खरां रे, पण माझे वेढे तेका खंय ठावक?"

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं. तरी प्रत्येक बिघाडाला मला त्यालाच फोन करावा लागे, आणि तो कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून हजर. माझा नुसता संताप व्हायचा.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी लाइन पुन्हा तुटली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुरू झाली नाही तर देखभालीचं काम काढून घेऊ, असं कंपनीने बजावलं होतं. दुपारपर्यंत वणवण करून मी शेवटी बाबलच्या घरी गेलो. कुठे कागदाचा कपटा तरी सापडेल म्हणून वहिनींना विचारलं. त्या कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगायला सुरुवात केली... शाळेकडे चार वेढे, वडाकडे एकही नाही, पुलापलीकडे सहा. रोज जेवताना तो त्यांना सांगायचा म्हणे. मी वजाबाक्या केल्या आणि संध्याकाळच्या आत लाइन जोडली.

पण त्याआधी, त्यांच्या घरून निघताना, राहवलं नाही. वहिनींना म्हटलं, एवढं सगळं तुम्हाला सांगत होता, मग मला सांगायला काय झालं होतं त्याला?

"तेंनी तुमका लिवन दिल्यानी असता, तर तुमी तेंका बोलावल्यात असता काय?"

खरंच, नसतं बोलावलं.

आता खांबन्‌खांब माझ्याकडे लिहिलेला आहे. तरी परवा बिघाड झाला तेव्हा माझ्या बोटांनी सवयीने बाबलचाच नंबर लावला. चूक कळून मी फोन ठेवणार, तोच पलीकडून वहिनींचा आवाज आला.

"खंयच्या खांबाकडे आसात?"