सोनटक्क्यांच्या आठशेचा बारावा दोष

चंदीगडच्या मराठी मंडळींत श्यामकांत सोनटक्क्यांना जेवायला बोलवायचं म्हटलं की आधी घरात चर्चा होते. माणूस वाईट नाही. उलट इतका सरळ आहे की जरा जपून राहावं लागतं. "मठ्ठा कसा झालाय?" असं यजमानानं हसत विचारावं आणि पाहुण्यानं "छान" म्हणून मोकळं व्हावं, ही जगाची रीत. सोनटक्के वाटी खाली ठेवतात आणि सांगतात, "आलं जास्त झालं, मीठ कमी आहे, आणि तुमचा वाढपी अंगठा आत बुडवून राहिला."

गडी मूळचा वर्ध्याचा. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून लागला, हेलिकॉप्टरं दुरुस्त करता करता वॉरंट ऑफिसर झाला आणि शेवटची बदली चंदीगडला झाली तेव्हा इथलाच होऊन बसला. सेक्टर सत्तेचाळीसमध्ये हाउसिंग बोर्डाचा तळमजल्याचा फ्लॅट, दारात एक लिंबाचं झाड. वर्धा सोडून पन्नास वर्षं होत आली, पण "करून राहिलो" काही सुटलं नाही. भाजीवाल्याशी ते पंजाबीत घासाघीस करतात, आणि शेजारचे भल्लाजी शपथेवर सांगतात की त्या पंजाबीलाही वर्ध्याचा वास येतो.

हा सरळपणा नोकरीतून आला. हेलिकॉप्टर उडायच्या आधी त्यात जे जे दोष दिसतील ते वहीत लिहायचे आणि खाली सही करायची. त्या दोषाला तिथे 'स्नॅग' म्हणतात. स्नॅग असणं हा गुन्हा नाही. यंत्र आहे, काहीतरी निघणारच. दिसलेला स्नॅग न लिहिणं हा मात्र गुन्हा, कारण वर जाणारा माणूस तुमच्या सहीच्या भरवशावर जातो. बत्तीस वर्षं हेच केल्यावर हाताला वळण पडतं. सोनटक्क्यांच्या घरी मिक्सरची वही आहे, गिझरची आहे, आणि मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाचीही निघाली.

तो किस्सा लीलावतीबाईंनी, म्हणजे सौभाग्यवती सोनटक्क्यांनी, हळदीकुंकवाला सांगितला. त्या साताऱ्याच्या, त्यामुळे थोडा मीठमसाला धरा. होणाऱ्या सुनेचे, देवयानीचे, वडील नाशिकहून आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि सोनटक्क्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. मुलाचे स्नॅग. एक, घोरतो. दोन, रागावला की बोलत नाही, जेवतो मात्र. तीन, ओला टॉवेल पलंगावर टाकतो. चार, इंजिनिअरिंगला एक वर्ष गेलेलं आहे, ते बायोडेटात लिहिलेलं नाही. लीलावतीबाई तशाच स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमागे उभ्या राहिल्या. देवयानीच्या वडिलांनी कागद नीट वाचला, उलटा करून मागेही पाहिलं आणि म्हणाले, "एवढेच असतील तर मुलगी दिली." लग्नाला सात वर्षं झाली. सिद्धांतनं बापाला अजून माफ केलेलं नाही.

सगळ्यात जाड वही मात्र आठशेची. पांढरी मारुती आठशे, वय वर्षं पंचवीस. रविवारी सकाळी आठ ते अकरा सोनटक्क्यांना भेटायचं असेल तर त्यांच्या चपलांना भेटावं लागे, कारण बाकीचे सोनटक्के गाडीखाली असत. दर तीन वर्षांनी गाडी बदलणारे भल्लाजी खुर्ची टाकून त्या चपलांशी तासन्‌तास राजकारण बोलत. लीलावतीबाई चहाचा कप जमिनीवर ठेवत. गाडीखालून एक हात बाहेर येई आणि कप घेऊन आत जाई.

तर अशी ही गाडी तिसऱ्यांदा नोंदणीला आली. गाडी पंधरा वर्षांची झाली की सरकारला दाखवून पुन्हा नोंदवावी लागते, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. दोनदा झालं होतं. या खेपेला सिद्धांत मध्ये पडला. तो मोहालीत कंपनीत आहे, राहतो झिरकपूरला, आणि त्यानं नवी गाडी बुक केली होती. जुनी गाडी सरकारमान्य भंगार केंद्रात दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते, हे त्यानं वडिलांना आलेख काढून समजावलं.

"बाबा, ही योजना तुमच्याच गाडीसाठी काढलीये असं समजा."

"माझ्या गाडीनं सरकारचं काय बिघडवलं?"

"जुन्या गाड्या धूर सोडतात."

"प्रदूषणाचा कागद पाहा. तुझ्या गाडीपेक्षा कमी धूर सोडून राहिली."

"मग असं करू," सिद्धांत म्हणाला. "तपासणीत पास झाली तर पाच वर्षं मी भंगार हा शब्द काढणार नाही. नापास झाली तर आठ दिवसांत डेराबस्सीच्या केंद्रावर. दुरुस्त करून पुन्हा नेणं वगैरे चालणार नाही. पक्का?"

"पक्का," सोनटक्के म्हणाले. लीलावतीबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पोळी उलटली.

सोनटक्क्यांना गाडी हवी होती ती फिरायला नव्हे. फिरणं ते कितीसं? आठवड्याला सेक्टर सतरा, मंडीचा दिवस असला की अपनी मंडी, म्हणजे शेतकऱ्यांचा भाजीबाजार. पण बत्तीस वर्षं माणसं त्यांच्या हातांवर भरवसा टाकून आकाशात गेली होती, आणि आता त्या हातांचं ऐकणारं एकच इंजिन उरलं होतं. ते गेलं तर रविवारी आठ वाजता उठून करायचं काय? हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची सवय त्यांना दुसऱ्याच्या मठ्ठ्याबद्दल होती, स्वतःबद्दल नव्हती.

तपासणीच्या आदल्या दुपारी ते उन्हात वही घेऊन बसले आणि अधिकाऱ्याला द्यायचा कागद तयार करू लागले. कुणी मागितला नव्हता. तपासणीला यंत्र न्यायचं तर स्नॅगची यादी सोबत हवी, एवढंच त्यांना ठाऊक. एक, मागची डावी काच दोन झटक्यांत वर चढते. दोन, थंडीत हॉर्नचा घसा बसतो. तीन, घड्याळ चार मिनिटं मागे. असं करत अकरापर्यंत आले आणि पेन थांबलं.

बारावा दोष वहीत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखालचं मॅट उचललं तेव्हा खालचा पत्रा गंजून चाळणी झालेला दिसला. नुसता तळाचा पत्रा असता तर गोष्ट वेगळी, पण गंज दाराखालच्या कडेत, सीट जिच्यावर बसते त्या पट्टीत शिरला होता. लीलावतीबाई अपनी मंडीत गेल्या होत्या तेवढ्या वेळात सोनटक्क्यांनी वरून नवा पत्रा ठेवला, रिबिटं मारली, काळा रंग दिला आणि मॅट पसरलं. काम इतकं सुबक की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. वहीत लिहायचं मात्र राहिलं. त्या दिवशी राहिलं, मग पुढच्या रविवारी राहिलं, आणि मग लिहायचं तर तारीख कुठली घालायची हा प्रश्न आला. त्यांनी मनाशी समजूत घातली होती की ही गाडी आहे, उडत नाही. चाळीसच्या वेगानं सेक्टर सतराला जाते आणि येते. त्या दुपारीही त्यांनी अकराच्या खाली रेघ मारली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी लीलावतीबाईही सोबत निघाल्या, त्यांना नंतर बँकेत जायचं होतं. तपासणीच्या मैदानात रांग लागली होती. अधिकारी सरदारजी होते, उमदा माणूस. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चॅसी नंबर ताडला, बॉनेट उघडलं आणि उघडं ठेवून दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक मारली.

"ओ, इधर आ. ये देख. बाऊजी, नई गड्डियाँ भी इस हाल में नहीं आतीं."

सोनटक्क्यांनी कागद पुढे केला. सरदारजींनी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या दाढीत हसू फुटलं. "घड़ी चार मिनट पीछे! बाऊजी, मेरी घरवाली इससे ज़्यादा पीछे चलती है." दोघेही अधिकारी पोट धरून हसले. सोनटक्के हसले नाहीत, पण कान मात्र लाल झाले. गाडी जिंकली होती. सरदारजींनी फॉर्म बॉनेटवर ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि गमतीनंच विचारलं, "बस ग्यारह? और तो कुछ नहीं?"

सोनटक्क्यांनी काचेतून आत पाहिलं. लीलावतीबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. पाय त्याच मॅटवर. बँकेचं पासबुक चाळत होत्या आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. बत्तीस वर्षं पायलट त्यांच्या सहीवर जसे शांत बसत, तशाच त्या बसल्या होत्या.

"रुकिए जी," सोनटक्के म्हणाले. "एक और है."

त्यांनी लीलावतीबाईंना उतरायला सांगितलं, मॅट उचललं, आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर दाराखालच्या कडेवर टेकवून दाबला. तो पत्र्यातून पापडात जावा तसा आत गेला. इतकं झालं असेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी तो बाहेर काढून पुसला.

सरदारजी खाली वाकून पाहत राहिले. "बाऊजी, ये तो मुझे दिखा ही नहीं था."

"मालूम है."

"आप न बताते तो पास थी."

"वो भी मालूम है जी."

सरदारजींनी पेनचं टोपण पुन्हा लावलं, पुन्हा काढलं, आणि जरा रागानंच नापास लिहिलं. राग कुणावर ते त्यांचं त्यांना ठाऊक.

परत येताना सोनटक्क्यांनी बायकोला मागच्या सीटवर बसवलं. दोन चौक गेल्यावर मागून आवाज आला.

"दोन वर्षं पावसात माझे पाय ओले होतायत. विचारलं तर म्हणालात, बाटली सांडली असेल."

"लिहिलं नव्हतं मी ते."

"ठाऊक आहे की. वही मी दर महिन्याला वाचते."

गाडी आपोआप तिशीवर आली. "मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी कधी लिहिता ते."

सोनटक्क्यांनी पुढचा चौक चुकवला आणि त्यांना पूर्ण वळसा घालून यावं लागलं. सिद्धांतला त्यांनी फोनवर एकच शब्द सांगितला, नापास. कसं, का, काही नाही. सिद्धांतनं भांडणाची तयारी केली होती, ती तशीच वाया गेली. त्या रात्री तो जेवला मात्र कमी, असं देवयानी सांगते.

आठव्या दिवशी आठशे डेराबस्सीच्या पुढच्या केंद्रावर गेली. सोनटक्क्यांनी ती स्वतः चालवत नेली, एकट्यानं. मागून सिद्धांतच्या गाडीत आई. केंद्रावर सगळं बिनगोंगाट झालं. बॅटरी काढली, ऑइल तसराळ्यात उतरवलं, नंबर प्लेटी उतरल्या, आणि चॅसी नंबरचा तुकडा कापून कागदांना जोडला. ऑइल काढणाऱ्या कामगारानं बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "ये तो अभी बदला है?" सोनटक्के म्हणाले, "परसों ही." का बदललं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी जाड वही पुढे केली, पण त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, म्हणून ती काखेत मारून परत घेतली. सर्टिफिकेट निघालं. त्यांनी ते सिद्धांतच्या हातात दिलं आणि त्याच्या गाडीत पुढे बसले. मागे वळून पाहिलं नाही. लीलावतीबाईंनी त्यांच्या वतीनं पाहून घेतलं.

झिरकपूरच्या उड्डाणपुलाखाली नेहमीसारखा जॅम. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये हे तिघं. शेवटी लीलावतीबाईंनाच राहवलं नाही.

"सिद्धू, ती गाडी पास झाली होती."

"काय?"

"सरदारजी सही करणार, तेवढ्यात ह्यांनीच मॅट उचलून दाखवलं. माझ्या पायाखालचं."

सिद्धांतनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा? पास झाली होती?"

"पास झाली नव्हती," सोनटक्के समोरच्या ट्रककडे पाहत म्हणाले. "पास करून राहिले होते."

ट्रक दोन फूट सरकला. सिद्धांतही दोन फूट सरकला. ब्रेक दाबला तेव्हा पुढच्या चाकातून बारीक घासल्यासारखा आवाज आला. सोनटक्क्यांचं डोकं किंचित त्या बाजूला झुकलं, पण ते काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं. सिद्धांतनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आणखी थोडा.

"तीन महिने येतोय तो आवाज," शेवटी तोच म्हणाला. "ही गाडी ऑफिसातला अभिषेक घेतोय. रविवारी न्यायला येणार आहे. त्याला सांगितलेलं नाही मी."

मागून लीलावतीबाईंनी पुढच्या दोन सीटच्या मधून हात घातला, डॅशबोर्डवरचा सिद्धांतचा मोबाइल उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"कर फोन. झिरकपूर आहे, वेळच वेळ आहे."