औशाच्या वाटेवरचा देवमासा

दाजी गेल्याचा निरोप लातूरहून आला, तेव्हा मी एवढंच विचारलं, "ताई कशी आहे?" दाजींबद्दल आपल्याला काय वाटायला हवं, हेच मला कळेना. महिना झाला, अजूनही नीट कळलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निजामाच्या राजवटीत लातूरच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवायचे. समुद्र कधी पाहिला नव्हता, पण वेड मात्र कुबडाच्या देवमाशाचं! त्याचं एक चित्र त्यांनी औशाला आमच्या घरी आणलं. आमचं घर लिंगायतांचं. आई मासा भिंतीला लावू देईना. दाजी समजावत राहिले... हे जनावर श्वास घ्यायला वर येतं, पंख बैलगाडीएवढे लांब, मादी पिलाला दूध पाजते. "दूध पाजती? मंग गायच की ती. लावा," आई म्हणाली.

पुढे गावोगाव जाळपोळ सुरू झाली तसे ताई-दाजींसह आम्ही निजामाच्या सरहद्दीपलीकडे सोलापूरला गेलो. आई तेवढी घर सोडायला तयार झाली नाही. ताईचे दिवस भरत आले होते, आणि एका सकाळी दाजींनी उलटी औशाकडे बैलगाडी जुंपली. मी आडवा आलो. ते म्हणाले, "देवमाशाची मादी थंड समुद्रात पोटभर खाती अन् बाळंतपणाला हजारो मैल ऊबदार पाण्यात जाती. तिथं खायला काही नसतंय, तरी जाती. हिचं पहिलं बाळंतपण माहेरीच हुईल." मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. रस्ता बंद, म्हणून गाडी आडवाटेनं गेली. ताई वाटेत एका शेतात बाळंत झाली. मुलगा दोन दिवस जगला. त्यानंतर मी दाजींशी एक शब्द बोललो नाही.

परवा ताईला भेटायला गेलो. ती म्हणाली, "हट्ट माझा होता रे. मला आईपाशी जायचं होतं. ते न्हाईच म्हणून राहिले होते."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"त्यांनीच सांगू दिलं न्हाई. म्हणायचे, भाऊ तुझ्याशी बोलायचा बंद झाला तर तुला माहेर उरायचं न्हाई. माझ्यावर रागावू दे त्याला."

आता हा राग मी कुणावर काढू? ताईवर? त्यांच्यावर, की स्वतःवर? खूप रडू आलं, तेही कशाचं ते सांगता येईना. दर भाऊबीजेला मी ताईकडे गेलो की दाजी आपणहून उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसायचे, माझं जेवण होईपर्यंत. परवा ताईनं पान वाढलं, हाका मारल्या... मी ओसरीवरून उठलोच नाही.