शिलाईच्या बॅचमधली मंदा

वर्गात मशिनी सुरू झाल्या आणि मंदा उठून बाहेर गेली. आदल्या दिवशीही तिने तेच केलं होतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रात समुपदेशक आहे. उमेदवार जमवायचे, त्यांना ट्रेड द्यायचा, म्हणजे कोण कोणतं काम शिकणार ते ठरवायचं, आणि कुणी मध्येच सोडून जाऊ नये हे बघायचं, एवढं माझं काम.

ही बॅच वेगळी होती. मुलींचं एक बालगृह मारहाणीच्या तक्रारींवरून, चौकशीनंतर बंद झालं होतं. तिथे वाढलेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलींच्या रोजगारासाठी शासनाने प्रशिक्षण मंजूर केलं. ट्रेड शिलाई, कारण ती त्यांना थोडीफार येतच होती. मलाही ते सोयीचं वाटलं.

मंदा व्हरांड्यात उभी होती. मी तिला बरंच सुनावलं. शासन एवढं करतंय, मशीनसुद्धा मिळणार आहे, आणि तुम्हाला त्याची किंमत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. एका बोटाचं नख दुभंगून उगवलं होतं.

"शिलाई मले येते, मॅडम. बालगृहात टाका वाकडा गेला का अधीक्षिकाबाई बोट सुईखाली धरे."

मी तशीच केंद्रप्रमुख सरांच्या केबिनमध्ये गेले आणि ट्रेड बदलून द्या म्हटलं. सर वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, "कारण लागेल. काय झालं ते तिच्याकडून लेखी घ्या, सहीनिशी."

"सर, तिने ते चौकशीत सांगितलंय."

"ते खातं वेगळं."

आणि मी खरोखर कोरा कागद आणि पेन घेऊन तिच्याकडे गेले. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

मंदा कागदाकडे बघत राहिली. "चौकशीवाल्याइले सगळं सांगतलं होतं. आता शिलाई नाही पाह्यजे म्हून बी तेच पुन्हा सांगू का?"

तिने पिशवी उचलली आणि साकोलीची एसटी धरली. बाकीच्या मुली खिडकीतून बघत होत्या. त्याही एकेक करून यायच्या बंद झाल्या.

मग ट्रेड बदलण्यासाठी मी माझ्याच सहीने टिपण दिलं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. फाइल फिरत राहिली. अखेर चारचाकी ड्रायव्हिंगचा ट्रेड मंजूर झाला तेव्हा धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, लागला होता. निरोप धाडले, दोघी आल्या. मंदाला बोलवायला मी स्वतः साकोलीजवळच्या तिच्या गावी, एकोडीला गेले. ती गुडघाभर चिखलात रोप लावत होती. शेताच्या बांधीतून बाहेर आली, हात धुतले, त्या दोघींची चौकशी केली. यायला मात्र नाही म्हणाली.

"तुमचा राग नाही, मॅडम. पन आमाले आधी ईचाराचं होतं."

आता कोणतीही बॅच सुरू होण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, तुला काय शिकायचं आहे आणि काय नको आहे. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. तेव्हाही लागली नसती.