खंडूजीची धोरी नस

“नारूच हाये हा. कापला का सुटला,” गळवं फोडणारा जर्राह खंडूजीच्या बायकोला सांगत होता. वस्तरा त्याच्या हातातच होता.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली होती. खंडूजी अमरावतीहून कापूस घेऊन निघालेला गाडीवान. गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आली, म्हणून सोबत्यांनी त्याला अकोल्याच्या डिस्पेन्सरीत आणलं. नारूचा किडा इथे घरोघरी. कुणाला दुसरी शंका आली नाही.

मी तिथे दुभाषी होते. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, पण आवाज बेताचाच.

डॉक्टरसाहेबांनी गाठीवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने जर्राहाचं मनगट धरलं.

“ॲन्युरिझम.”

हा शब्द मला ठाऊक नव्हता. साहेब म्हणाले, मूळ ग्रीक आहे, अर्थ रुंद होणं. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नसेची भिंत एका जागी दुबळी होते आणि रक्ताच्या धक्क्याने फुगते. कापली तर माणूस तिथेच जातो.

मी सांगितलं, “धोरी नस रुंद झाली आहे.”

“नस काय नदी हाये, बाई?” एक गाडीवान हसला.

“साहेबानं नारू पायलाच नसन,” जर्राह म्हणाला.

मी खंडूजीच्या बायकोचा एक हात गाठीवर ठेवला, दुसरा नवऱ्याच्या मनगटावर. तिचा चेहरा बदलला.

“वं माय! दोनीकडं संगच उडून राह्यलं!”

जर्राहानेही हात लावून पाहिला. मग वस्तरा मिटला.

उपाय साधा होता, पण दमवणारा. जांघेतली नस अंगठ्याने दाबून धरायची. धार मंदावली की गाठीतलं रक्त थिजतं. पायाला रक्त पोचवायला बाजूच्या बारीक नसा पुरतात. एक अंगठा थोड्याच वेळात थकतो. गाडीवानांनी पाळ्या लावल्या. काळ्या चिखलात रुतलेल्या गाडीला देतात तसाच हा खांदा. दुसऱ्याचा लागल्याशिवाय पहिल्याने काढायचा नाही. नस अचूक सापडायची ती जर्राहाला. त्याने सगळ्यांहून जास्त पाळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी अंगठा सैल करायला लावला, गाठ चाचपली आणि माझा हात तिथे ठेवला. कालपासून उडणारी ती गाठ गप्प होती. कातडी उबदार, आत दगड. शब्दाचा अर्थ सांगून कळतो, खात्री हाताला पटावी लागते.

अंगठा पुन्हा दाबून बसलेला जर्राह माझ्याकडे पाहत होता. सगळेच पाहत होते.

“सोडा,” मी म्हणाले, रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत ऐकू जाईल असं. “वाचला तो.”