उस्तादांकडे उरलेला शब्द

उस्तादांना झटका आला तो अंघोळीनंतर टॉवेल शोधताना, याचं त्यांना फार वाईट वाटलं. उभी हयात इंजिनांच्या पोटात हात घालून काढलेला माणूस. आडवं व्हायचंच होतं तर निदान हातात पाना तरी असायला हवा होता. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला, लिहिणं गेलं आणि बोलणं असं गेलं की सगळ्या भाषेतून एकच शब्द मागे राहिला : ‘बरोबर.’ पाणी हवं असलं तरी बरोबर, पाठ खाजली तरी बरोबर. बायको चहात साखर घालायला विसरली तरी कप ढकलून, डोळे वटारून, ‘बरोबर!’

“जन्मभर माझं काहीच बरोबर नव्हतं,” बायको म्हणायची, “आता दिवसभर तेच ऐकतेय.” आणि तोंड फिरवून डोळे टिपायची.

गॅरेज आता मुलगी चालवत होती. चाळिशी उलटली तरी सगळ्यांसाठी ती बेबीच. रोज सकाळी ती बापाला चाकाच्या खुर्चीत घालून कामाच्या टेबलापाशी आणायची. “घरात भिंत बघण्यापेक्षा इथं माझ्या चुका बघा,” म्हणायची. हे ती हसत म्हणायची, पण उस्ताद खरोखरच बघत बसायचे.

समोर त्यांची शर्यतीची गाडी होती. इंजिन उस्तादांनी बांधलेलं, गाडी बेबी चालवायची. मागच्या शर्यतीत इंजिनातून तेल गळून ट्रॅकवर सांडलं आणि पंचांनी काळा झेंडा दाखवून तिला बाहेर काढलं. कारण दोघांनाही ठाऊक होतं. जोरात पळणाऱ्या इंजिनात थोडा जळका वायू पिस्टनच्या कडेने खाली, तेलाच्या बाजूला उतरतो. तिथे त्याचा दाब साठतो आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. त्यावर उपाय म्हणजे पट्ट्यावर फिरणारा व्हॅक्यूम पंप. तो हा वायू सतत ओढून घेतो. गळती थांबते, ताकदही थोडी वाढते.

याच पंपावरून बापलेकीचं आधी वाजलं होतं. “रिंगा नवीन टाक, सील बदल. असली नळकांडी लावून इंजिनाचं नाक कशाला दाबतेस?” असं उस्ताद म्हणाले होते. बेबीने आठवडाभर अबोला धरला. मग तो झटका आला आणि भांडण अर्धवटच राहिलं.

आता बेबीने पंप आणला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला पट्टी ठोकून तो बसवला, पुली सुताने ओळीत आहे का ते तपासलं, पट्टा चढवून अंगठ्याने दाबून पाहिला. उस्ताद मनातल्या मनात मान डोलवत होते. पोरीचा हात बसलाय, त्यांना वाटलं. आपण असतो तर पट्टी आणखी जाड घेतली असती, पण ठीक आहे.

मग तिने इंजिनाचं वरचं झाकण काढलं, टेबलावर उताणं ठेवलं आणि पंपाची नळी आखूड ठेवता यावी म्हणून झाकणाच्या पुढच्या टोकालाच नवीन भोक पाडलं.

उस्तादांची मनातली मान थांबली. त्या जागेच्या बरोबर खाली तेलाचे फवारे उडतात. झाकणाला मागे वायू सोडायचं जुनं भोक होतं, त्याच्याखाली त्यांनी स्वतः फवारे अडवायला पत्र्याची पट्टी लावलेली होती. नव्या भोकाखाली काहीच नव्हतं. उभ्या इंजिनात कळणारही नाही, पण ट्रॅकवर इंजिनाचा वेग चढला की पंप वायूबरोबर तेलही ओढेल, आणि ओढतच राहील.

“बरोबर,” ते म्हणाले. मग मान जोरात हलवून, ‘नाही, नाही’ अशी : “बरोबर! बरोबर!”

बेबीने वर पाहिलं. “तोंडाने बरोबर म्हणताय आणि मानेने नाही. कुठलं धरू, बाबा?”

उस्तादांनी डावा हात झाकणाकडे उगारला.

“कळलं. पंप नकोय तुम्हाला,” बेबी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, त्यामुळे त्यांना अधिकच संताप आला. “पण आता तो लावायचाच आहे. जरा विश्वास ठेवा माझ्यावर.”

काय करावं? डोक्यात सगळं वाक्य तयार होतं. नुसतं ओठांवर उतरायचं होतं. टेबलाच्या कडेला कापलेल्या पत्र्याचा एक तुकडा पडला होता. घामाघूम होत, खुर्चीतून अर्धे कलंडत त्यांनी तो डाव्या हाताने पकडला आणि तिच्यापुढे धरला. हेच. हे लाव. भोकाखाली लाव.

“अगंबाई, हात कापेल!” दारातून बायको धावत आली. “बेबी, घे तो आधी!”

बेबीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला, तळहात उलटून कुठे लागलंय का पाहिलं आणि फडक्याने पुसून दिला. मग तिने झाकण बसवून टाकलं.

उस्ताद लहान मुलासारखे रडले. झटक्यानंतर असं रडू येतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. त्यामुळे त्याचा अर्थ कुणी शोधला नाही.

इंजिन सुरू केल्यावर व्हॅक्यूमचा काटा हवा तिथे जाऊन थांबला. एक थेंब गळेना. “बघितलंत?” बेबी म्हणाली आणि बापाच्या कपाळाचा मुका घेतला.

शर्यतीच्या दिवशी मायलेकींनी त्यांना कुंपणाशी सावलीत बसवलं. बेबीची गाडी सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होती. बायको टाळ्या पिटत होती. उस्ताद डोळे मिटून फक्त आवाज ऐकत होते. गाडी दर वेळी समोरून गेली की त्यांचा डावा हात खुर्चीची कड आवळायचा. आणि मग तो आवाज आलाच, लोखंडाच्या पिंपात कुणी हातोडी टाकावी तसा. गाडी धूर सोडत कडेला लागली. बेबी धडधाकट खाली उतरली. हेल्मेट काढून ती टायरवर बसून राहिली.

इंजिन खोललं तेव्हा तळाशी ओंजळभर तेल होतं. बाकी सगळं पंपाने ओढून, वायू सोडायला त्याला जोडलेल्या डब्यात भरलं होतं आणि डबा भरल्यावर वरून बाहेर सांडवलं होतं. बेअरिंगा जळल्या होत्या, क्रँकला खोल चरे पडले होते. उस्तादांनी हाताने घासून बसवलेलं ते इंजिन आता भंगारात गेलं होतं.

बेबी झाकण हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. आधी जुन्या भोकाखालचा पत्रा पाहिला, मग नवं भोक. हळूहळू येऊन ती बापाच्या खुर्चीपुढे उकिडवी बसली.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही... तुम्हाला हे दिसलं होतं?”

तिचा चेहरा पांढरा पडला होता. हो म्हणावं, तर पोरगी हे जन्मभर उराशी धरून बसेल. आणि होकार द्यायला तर आता शब्दही होता, पहिल्यांदाच नेमका हवा तो. उस्तादांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली : नाही.

“खरंच?”

पुन्हा नाही.

बेबीने मोठा श्वास सोडला. त्यांच्या गुडघ्यावर क्षणभर डोकं टेकलं आणि उठली. रात्री आईला ती म्हणाली, “बाबांना आता इंजिनातलं काही कळत नाही गं. उगाच तिथं बसवून मी त्यांचा छळ करत होते.”

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी खुर्ची गॅरेजच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लागल्या. तिथे वारा बरा यायचा. येणारी-जाणारी माणसं हात हलवायची. पाठीमागे बेबी नवं इंजिन बांधत होती. पान्यांचे आवाज यायचे, बोल्ट आवळल्याचे, मध्येच काहीतरी तिरपं बसल्याचा एक किरकिरा आवाज यायचा. उस्ताद मान वळवायचे; पण ती खांद्यापर्यंतच वळायची.

“ऊन लागतंय का हो?” बायको विचारायची आणि खुर्ची आणखी थोडी बाहेर सरकवायची.