अप्पांच्या खांद्यावर

आमच्या घरात फोटोंचा अल्बम कधीच नव्हता. माझे वडील, अप्पा, यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. फोटो ही कपाटात ठेवायची वस्तू नाही, असं त्यांचं ठाम मत. हाती लागेल तो फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायचा, खाली ठळक अक्षरांत मजकूर लिहायचा आणि पुठ्ठा कारखान्याच्या फाटकासमोर उभा करायचा. चिकटवायला पत्रकांचीच मैद्याची खळ. आईचा लग्नातला फोटोसुद्धा ‘कामगाराच्या घरची बाई काय खाते?’ या पुठ्ठ्यावर गेला.

अप्पा गेल्यावर मी माळ्यावरून ते पुठ्ठे काढले. खळ खाता खाता झुरळांनी माणसंही खाल्ली होती. मजकूर शाबूत होता.

त्याच सुमारास नवी पेठेत राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीने, ताईने, जुने फोटो स्कॅन करून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. काकूने बटर पेपर घालून अल्बम जपला होता. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायची आणि मनात म्हणायची, दुकानदाराचं घर, यांना स्वतःचे चेहरे जपायला वेळ असतो. लाईक एकालाही दिलं नाही.

मग एका संध्याकाळी ग्रुपवर अप्पा आले. गड्ड्याच्या जत्रेत, पांढऱ्या शर्टात, मान वर करून हसताना. खांद्यावर लहानगी ताई, तिचे पाय त्यांनी घोट्याशी घट्ट धरलेले. ते हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या आठवणीत त्या खांद्यावर पत्रकांचा गठ्ठा असायचा आणि मी खळीची बादली घेऊन मागे चालायची. त्या बादलीचा मला त्या संध्याकाळपर्यंत अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावरच्या ताईच्या घरी गेले आणि फोटो मागितला. तुझे बाबा अल्बमभर आहेत, आमच्याकडे अप्पांचा एकही धड फोटो नाही, म्हणाले. फोटोंवर एकाच घराची मालकी कशी, हेही बोलले. आवाज फाटकावरच्या सभेसारखा चढला होता.

ताईने चहा पुढे सरकवला. “भाषण राहू दे. तुला त्या खांद्यावर मी नकोय, इतकंच की.”

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

“थांब, पुसते मला. येतं आता फोनमध्ये.”

तिने बोट फिरवलं आणि फोटोतली ती गेली. अप्पा तसेच वर बघत हसत होते. छातीशी दोन मुठी, आत काहीच नाही. मला तो फोटो हवा होता, फार हवा होता. पण त्या मुठी बघवेनात.

“नको,” मी म्हणाले. “आहे तसा पाठव.”

“म्हणजे माझ्यासकट. भिंतीवर मी चालेन का, काकूला विचार आधी.”

आईला चालली. फोटो मोठा करून आम्ही बाहेरच्या खोलीत लावलाय. ताई आमच्याच घरात अप्पांच्या खांद्यावरून खाली बघत असते. काच मीच पुसते. वरचा अर्धा भाग जरा घाईने.